तेल कुणी लावलं?

मा. संपादक यांस,

सप्रेम सलाम. (आम्हा मराठी ख्रिस्ती मंडळींत एकमेकांना भेटलं की सलामच म्हणतात, फोनवरसुद्धा. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं तेव्हा त्यांचा आमच्या धर्माबद्दल महिनाभर घोळ झाला होता. असो.)

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मसीहा आणि पुरुष-स्त्री ऊर्जेचं संतुलन यावर अर्धं पान लेख आला. सोबत चित्र होतं, अर्धा देह पुरुषाचा, अर्धा बाईचा, मधोमध उजेड. लेखाचा सारांश असा: पुरुषतत्त्व म्हणजे तर्क, कृती आणि रक्षण. स्त्रीतत्त्व म्हणजे भावना, ग्रहण आणि शरणागती. मसीहा येतो तो ही दोन्ही आपल्या ठायी समतोल करून दाखवायला, आणि तो समतोल आपणही साधायचा. खाली चौकटीत शिबिराची माहिती होती. एक दिवस, साडेतीन हजार रुपये, जेवणासह.

मी ६८ वर्षांची निवृत्त परिचारिका आहे. चौतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. धर्मशास्त्र शिकलेली नाही, पण आजोबांपासून घरात बायबल आहे आणि वाचायचीही सवय आहे. लेख वाचून राग आला असं म्हणणार नाही. भाकरी थापताना मात्र तोच डोक्यात घोळत होता, आणि एक भाकरी करपली. म्हणून लिहिते.

आधी ते तर्क आणि भावना. आमच्या वेळी सलाईनला पंप नव्हते. पाचशे मिलीची बाटली आठ तासांत संपवायची, एका मिलीला वीस थेंब धरायचे, म्हणजे मिनिटाला साधारण एकवीस थेंब. रात्री तीन वाजता मनगटावरच्या घड्याळाकडं बघत, पुटपुटत थेंब मोजायचे आणि नळीचं चाक फिरवत बसायचं. एका वॉर्डात असे दहा-बारा पेशंट. ही कुठली ऊर्जा म्हणायची? माझ्या आयुष्यात मी इतका तर्क दुसरीकडं कुठंच वापरला नाही, आणि वापरणाऱ्या आम्ही सगळ्या बायकाच होतो.

आता दुसरी बाजू. शिवाजी पेठेतला एक जुना पैलवान, मोडलेले कान, मान अशी की कॉलर बसायची नाही. त्याच्या बायकोला अर्धांगवायू झाला होता. दीड महिना तो तिच्या उशाशी होता. तालमीत वस्तादाच्या हाताखाली जी मालीश शिकला, तीच बायकोच्या पायांना करायचा, फक्त जोर काढून टाकलेला. आम्ही नव्या पोरींना सांगायचो, हात कसा फिरवायचा ते त्यांच्याकडं बघून शिका. एका पहाटे मला हाक मारून म्हणाला, ‘सिस्टर, टाच लाल दिसाय लागलीया, बघता का जरा?’ अंथरुणाला खिळलेल्या माणसाची टाच लाल झाली की तिथं जखम होणार, हे आम्हाला वर्गात शिकवलेलं असतं. त्याला कुणी शिकवलं होतं? नुसतं बघून बघून कळलं होतं. त्या माणसाला शिबिरात बसवून तुझं स्त्रीतत्त्व दडपलेलं आहे म्हणून सांगायला कुणी जाऊ नये एवढंच.

हे झालं माझं वॉर्डातलं. मूळ मुद्दा तेलाचा आहे.

लेखात ‘मसीहा म्हणजे तारणारा’ असा अर्थ दिलाय. वर्तमानपत्रांनी तर हा शब्द इतका स्वस्त केलाय की पाण्याचे दोन टँकर पाठवणारा नगरसेवकही गोरगरिबांचा मसीहा होतो. मूळ हिब्रू शब्द माशीआख. त्याचा अर्थ तारणारा नाही, माखलेला. ज्याला तेल लावलंय तो. आपल्या मराठीत ‘माखणे’ हे क्रियापद आहेच, त्याचं हिब्रूशी काही नातं नसेल, पण अर्थ नेमका तोच बसतो. ग्रीकमध्ये त्याचं भाषांतर केलं ख्रिस्तोस, त्यावरून ख्रिस्त. म्हणजे येशू ख्रिस्त हे नाव-आडनाव नाही. तेल लावलेला येशू, असा तो शब्द आहे. इस्राएलात राजाला आणि याजकाला, म्हणजे मंदिरातल्या पुरोहिताला, तेल लावून कामाला नेमायचे. शमुवेल संदेष्ट्यानं शौलाच्या डोक्यावर कुपीतून तेल ओतलं, पुढं दाविदाला शिंगात भरून आणलेल्या तेलानं अभिषेक केला. इतकंच काय, बाबेलच्या बंदिवासातून यहुद्यांची सुटका करणारा इराणचा राजा कोरेश, परका, परधर्माचा, त्यालाही यशयाच्या पुस्तकात देवाचा अभिषिक्त म्हटलंय. नेमलेलं काम केलं, म्हणून. त्याच्या आतल्या ऊर्जा कुणी तपासल्या नव्हत्या.

हे समजायला मराठी माणसाला शिबीर लागत नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे अख्ख्या घराला पाटावर बसवून तेल कोण लावतं? बारशाच्या आधीपासून बाळाला पायांवर आडवं घालून कोण माखतं?

आता खरी गंमत. येशूला अभिषिक्त म्हणतात, मग त्याच्या डोक्यावर प्रत्यक्ष तेल कुणी ओतलं? यरुशलेमच्या महायाजकानं नाही. मंदिरातही नाही. पवित्र आत्म्यानं अभिषेक झाला असं शास्त्र सांगतं, ते मी मानते, पण ते तेल डोळ्यांना दिसणारं नव्हतं. खरंखुरं, वास येणारं, केसांतून ओघळणारं तेल त्याच्या डोक्यावर एकाच व्यक्तीनं ओतल्याचं मत्तय आणि मार्कच्या शुभवर्तमानांत (म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत) सांगितलंय. बेथानी गावात, शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी, जेवणं चालू असताना, वधस्तंभाच्या दोनच दिवस आधी एक बाई आत आली. हातात संगमरवरासारख्या दगडाची कुपी. ती तिनं फोडली आणि तेल त्याच्या मस्तकावर ओतलं. योहानाच्या वृत्तांतात पायांना लावणाऱ्या मरियेचं नाव आहे. पण मार्कनं आणि मत्तयानं ‘एक स्त्री’ एवढंच लिहिलंय.

तेल कसलं? मराठी बायबलात सरळ शब्द आहे, जटामांसी. आपल्या हिमालयात उगवते ती. माका, ब्राह्मी आणि जटामांसी टाकून मी आजही केसांचं तेल कढवते. महाद्वार रोडला गेले की मुळी आणते. दर पावसाळ्यात तेल कढताना वास घरभर होतो आणि मला बेथानीचं ते घर आठवतं. त्या बाईचं तेल तीनशे दीनारांहून जास्त किमतीचं होतं. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. पंगतीतले पुरुष कुरकुरायला लागले. एवढी नासाडी? विकून गोरगरिबांना दिलं असतं की! (हिशेबी तर्क म्हणाल तर तो हा.) येशू म्हणाला, तिला त्रास देऊ नका, तिला जे करता आलं ते तिनं केलं, माझ्या देहाला पुरण्याआधीच तेल लावून ठेवलं. आणि पुढं म्हणाला, जगात जिथं जिथं ही सुवार्ता सांगतील तिथं हिनं केलेलंही हिच्या आठवणीसाठी सांगतील.

वॉर्डात मी पुष्कळ मृतदेहांना शेवटची आंघोळ घातलीय. डोळे मिटवायचे, हनुवटी बांधायची, अंग पुसायचं. जन्मल्यावर तेल लावणारा आणि मेल्यावर अंग पुसणारा हात बहुतेक बाईचाच असतो, आणि मधल्या आयुष्यात मान दुसऱ्या कुणाला तरी असतो. मार्कच्याच पुस्तकात पुढं तिघीजणी रविवारी पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडं जातात, देहाला लावायला. कबर रिकामी. त्यांचं तेल पोहोचलंच नाही. बेथानीच्या बाईचं तेवढं वेळेत पोहोचलं होतं. हे मला कुठल्या प्रवचनात कुणी सांगितलेलं नाही. एकदा रात्रपाळीत वाचता वाचता ध्यानात आलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

आता एक गोष्ट सांगते. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव सांगणार नाही, माणसंही आता हयात नाहीत. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. ड्युटीवरून आले की मी त्यांच्याकडं जायची. पाच महिने रोज खोबरेल कोमट करून पाय, पाठ, टाचा चोळून द्यायची. एकही जखम होऊ दिली नाही, हे जरा अभिमानानंच लिहिते. शेवटाला मंडळीचे वडील (चर्चचे वडीलधारे कारभारी) प्रार्थनेला आले. याकोबाच्या पत्रात सांगितलंय ना, कुणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. त्यांनी तेल मागितलं. मी तीच बाटली पुढं केली. त्यांनी करंगळी बुडवली आणि मला म्हणाले, ‘बाई, तुम्ही जरा मागं सरका.’ मी सरकले. त्यांनी आजींच्या कपाळाला बोट टेकवलं, प्रार्थना चांगली केली, ते नाकारत नाही. आजींचे डोळे मात्र मला शोधत होते. बाटलीत दोन बोटं तेल उरलं होतं, ते मी घरी नेलं आणि डोक्याला लावलं.

तेव्हा मी काहीच बोलले नाही. आता तुमच्या लेखामुळं बोलतेय.

लेखात आणखी एक वाक्य होतं, की हिब्रूत आत्मा या शब्दाला स्त्रीलिंग आहे म्हणून पवित्र आत्मा हीच देवाची स्त्री-ऊर्जा. शब्दाचं लिंग खरं आहे. हिब्रूत ‘रुआख’ बहुधा स्त्रीलिंगी चालतो, ग्रीकमध्ये त्यासाठीचा शब्द नपुंसकलिंगी, लॅटिनमध्ये पुल्लिंगी, आणि आपल्या मराठीत तो आत्मा. सुरुवातीच्या काळातले सिरियाक भाषेतले ख्रिस्ती आत्म्याला ‘ती’ म्हणायचे हेही खरं. पण व्याकरणावर एवढा भार टाकू नये. मराठीत भात तो आणि भाकरी ती, म्हणून भाताला मिशा फुटत नाहीत. त्यापेक्षा येशू स्वतः काय म्हणाला ते बघावं. यरुशलेमकडं बघून तो म्हणाला, कोंबडी जशी पिलांना पंखांखाली गोळा करते तसं मला तुझ्या लेकरांना किती वेळा गोळा करावंसं वाटलं, पण तुम्हाला नको होतं. गरुड म्हणाला नाही, सिंह म्हणाला नाही. माहेरी आमच्या परसात कोंबड्या होत्या. वर घार फिरायला लागली की कोंबडी अंग फुगवून अशी बसते की पिलू एकही दिसत नाही, आणि घारीनं झडप घातलीच तर आधी तिचीच पाठ फाटते. यात रक्षण पुरुषाचं आणि माया बाईची अशी वाटणी कुठं करणार?

आपल्याकडं तर हे अवघड वाटायलाच नको. पुरुष असलेल्या ज्ञानदेवांना अख्खा महाराष्ट्र माउली म्हणतो, विठोबाची विठाई होते. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण वारकऱ्यांची वाट त्यांच्या पायांखालून सुटली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते मानायचे, आणि ख्रिस्ताला त्यांनी आईच्या नात्यानं हाक मारली. त्यांची पदं आम्ही अजून टाळ-पेटीवर म्हणतो. कुणाला ते संतुलनाचं तत्त्वज्ञान वाटलं नाही, आईची हाक वाटली.

यहुदी लोक अजून मशीहाची वाट बघतायत, हे लेखात एका ओळीत उरकलंय. माझी नर्सिंगची एक मैत्रीण अलिबागकडची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. बघा, तेल इथंही आलंच. मशीहाच्या आधी एलिया संदेष्टा येणार अशी त्यांची श्रद्धा. त्याच्या नावानं त्यांच्यात मलिदा करतात, पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं ती सांगायची. हॉस्टेलच्या खोलीत तिनं एकदा वर्तमानपत्रावर मलिदा केला होता, त्याची चव अजून जिभेवर आहे. नंतर ती इस्राएलला गेली. तिच्याकडून मी पहिल्यांदा शेखिना हा शब्द ऐकला. देवाचं लोकांमध्ये वस्तीला असणं, असा त्याचा अर्थ, आणि शब्द स्त्रीलिंगी. त्यांचे रब्बी सांगत, लोक हद्दपार झाले तेव्हा शेखिनाही त्यांच्याबरोबर हद्दपारीत गेली. पुढं तेराव्या शतकात स्पेनमध्ये आणि मग सोळाव्या शतकात गालीलातल्या सफेद नावाच्या गावात त्यांच्या गूढवाद्यांनी हा विचार वाढवला, की देव आणि त्याची शेखिना यांची ताटातूट झालीय, मशीहाच्या काळात त्यांची पुन्हा भेट होईल, आणि ती भेट जवळ आणायचं काम साध्या माणसांच्या रोजच्या सत्कर्मांनी होतं. शुक्रवारी संध्याकाळी सिनेगॉगमध्ये (त्यांच्या प्रार्थनास्थळात) शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाला, नवरी म्हणून गाणं म्हणतात आणि शेवटच्या कडव्याला सगळे वळून दाराकडं तोंड करतात, नवरी आत येतेय म्हणून.

लेखातला ‘संतुलन’ हा शब्द बहुधा तिकडूनच फिरत फिरत आलाय, पण येताना वाटेत घर सांडलं. त्या कल्पनेत एक बाई परागंदा आहे आणि तिला घरी आणायचंय. लेखात मात्र प्रत्येकानं आपल्याच आत दोन पारडी लावून तोलत बसायचं.

आणि आपण कोल्हापूरकर! आपल्याला टेंबलाई आहे की. शेजारच्या काकूंबरोबर मी गेली वीस वर्षं ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर जाते. मी हात जोडत नाही, काकू आग्रह करत नाहीत, येताना दोघी मिळून भेळ खातो. कथा त्यांनीच सांगितली. कोल्हासुराच्या पोरानं, कामाक्षानं, योगदंड फिरवून अंबाबाईसकट सगळ्या देवांची शेळ्यामेंढ्या करून टाकली. त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनंच, त्याला मारून सगळ्यांना सोडवलं. म्हणजे तारणारी तीच. पुढं विजयाचा सोहळा झाला, आणि आमंत्रण द्यायचं नेमकं तिलाच विसरले. ती रुसली आणि गावाकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला गेली. म्हणून दर नवरात्रात पालखी टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याच्या तुकड्यासाठी ही झुंबड उडते. माझी चप्पल दोनदा गेलीय.

मला ही कथा बेथानीच्या बाईच्या शेजारी ठेवावीशी वाटते. श्रद्धा एक करायची म्हणून नाही. काकूंची देवी काकूंची, माझा प्रभू माझा. पण सोडवणारीलाच पंगतीला बोलवायचं राहून जातं, ही खोड दोन्हीकडं सारखी आहे, आणि कोल्हापूरनं निदान दरवर्षी पालखी काढून ती चूक कबूल केलीय. आमच्यात ‘तिच्या आठवणीसाठी सांगतील’ असं खुद्द प्रभूनं सांगून ठेवलंय, तरी गुड फ्रायडेच्या आठवड्यात त्या बाईवर प्रवचन मी आयुष्यात दोनदाच ऐकलं.

उगाच काकूंच्या बाजूचंच कौतुकही करणार नाही. अंबाबाईच्या माथ्यावर लिंग आहे, तिच्या गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग महादेवाचं देऊळ आहे, तिच्या हातात गदाही आहे आणि म्हाळुंगाचं फळही. संतुलनाचा एवढा मोठा दगडी पुरावा गावाच्या मध्यावर उभा आहे. तरी एप्रिल २०१६ मध्ये मंदिरप्रवेशात बाई-पुरुष भेद चालणार नाही असं उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, आणि त्यानंतरही इथं गाभाऱ्यात जाण्यावरून काय ओढाताण झाली ते मी तुमच्याच पानांवर वाचलं. काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘आत बाईच हाय, बाहेर बायकाच हाईत, मधी कोण उभारलंय ते बघा.’

शिबिराला माझा विरोध नाही. ज्याचे साडेतीन हजार त्याचे. पण लेखकांना माझा एक निरोप पोहोचवावा. देवाच्या ठायी आई आणि बाप दोन्ही आहेत हे मला मान्यच आहे, त्यासाठी मला चित्रातला अर्धा-अर्धा देह नको. पुढच्या वेळी मसीहावर लिहाल तेव्हा त्याला तेल कुणी लावलं ते लिहा, आणि तेलाच्या बाटलीला आज कुणाला हात लावू देतात आणि कुणाला मागं सरकायला सांगतात, तेही तुमच्या-आमच्या प्रार्थनास्थळांत जाऊन बघून या.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर सलाईनचा हिशेब कापा, माझी चप्पल कापा. कोंबडी कापलीत तरी कोल्हापुरात कुणाला वाईट वाटणार नाही. बेथानीच्या बाईचा मजकूर तेवढा ठेवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोल्हापूर

(नाव छापू नये. काकूंना विचारलंय, त्यांचं वाक्य छापायला हरकत नाही.)